तुटतंय तोवर

मी इचलकरंजी सोडली त्या संध्याकाळी आमचे माग चालूच होते. दारात रिक्षा उभी, उंबऱ्याशी पाहुण्यांच्या चपलांचा ढीग, मी नव्या साडीत अवघडलेली, आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये अण्णांचे चारही माग नेहमीसारखे खडखडत होते. मुलगी लग्न होऊन इंदूरला निघाली म्हणून माग थांबवावेत, हे माझ्या वडिलांच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या गल्लीत माग थांबायचा तो वीज गेली तर, नाहीतर माणूस गेलं तर. मी आपली नुसती सासरी चालले होते.

त्या आवाजात बोलून उपयोग नसतो, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून आपल्या सगळ्यांच्याच घरांत खुणांची एक भाषा होती. बोट गोल फिरवलं की धोट्यातली सुताची कांडी संपली. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ तोंडाजवळ नेली की चहा. मी रिक्षात बसताना अण्णा शेडच्या दारात आले, केसांत कापसाचे तंतू, आणि त्यांनी मूठ तोंडाजवळ नेली. चहा घेतलास का? मी मान हलवली. झाला निरोप. आईनं मात्र माझ्या कानाभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला आणि ओरडून सांगितलं, "पाणी बदललं की माणूस बदलतंय बघ. नवं पाणी एकदम घटाघटा पिऊ नकोस." मला वाटलं, पोटाच्या काळजीनं म्हणते आहे.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यासाठी, जे अजून त्या गल्लीत आहात आणि खिडक्या लावूनही ज्यांना आवाज ऐकू येतो. आणि तुमच्यासाठीही, जे पुण्याला, सुरतेला, बंगळूरला गेलात आणि कधीतरी भर दुपारी काहीच कारण नसताना कान टवकारता. मला माहीत आहे, कशासाठी टवकारता ते.

इंदुरात राजेंद्र नगरला आमचं घर आहे. पहिले कित्येक दिवस मला तिथं झोप येईना, कारण तिथं काहीच वाजत नव्हतं. दूरवर एखादी रेल्वे, एखादं कुत्रं, एवढंच. सगळी वस्ती कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी. आमच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं किंचित वाकडं होतं, ते खडखड करायचं. माझा नवरा मकरंद ते सरळ करायला स्टूल घेऊन चढला, तेव्हा मी त्याला खाली उतरवलं. सासूबाईंना वाटलं, नवी सून नवऱ्याला जपते आहे. त्या खूश झाल्या. त्या पंख्याखाली मी अगदी गाढ झोपत असे.

सासूबाईंची माणसं होळकरांच्या काळात इकडे कचेरीत नोकरीला आलेली. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मी ओठ दाबून हसायची. "वैजू, आलू छिलून ठेवले आहेत, फक्त छोंकून टाक." "आज पोहे इतके छान बनले ना, की पूछो मत." मी "व्हय" म्हटलं की त्या हसायच्या आणि त्या "वो क्या है ना" म्हणाल्या की मी. अशी आमची दोघींची हसण्यावरच गट्टी जमली. आता तर माहेरी फोन केला की चुलतभाऊ मला हसतात. परवा मी म्हटलं, "गाडी लेट झाली तर टेन्शन नको घेऊस, मी मॅनेज करून घेईन," तर पलीकडून एक जण म्हणाला, "ताई, तू हिंदी पिक्चरमधली मावशी झालीस." दोन्हीकडची माणसं हसतात याचा अर्थ दोन्हीकडे माझं कुणीतरी आहे, असं मी समजून घेते.

वर्षं गेली, जशी जातात. मी एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. आई गेली. ती गेल्यावर माग थांबले ते थांबलेच. कांड्या भरणारा हात गेला आणि अण्णांचे कानही जवळजवळ गेले होते. एका सकाळी माग उचलून भंगारात गेले आणि शेडमध्ये कुणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम केलं. अण्णा शेजारच्या दोन खोल्यांत एकटे. मी फोनवर म्हणायची, "अण्णा, इकडे या." ते म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ते माझं बोलणं ऐकायच्या भानगडीत न पडता आपलंच बोलायचे. "जेवलो. पाऊस झाला. ठेवतो." त्या दिवसांत मला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. अण्णांनी माझ्याकडे यावं आणि परत जाऊ नये.

एका रविवारी सुदामा नगरच्या एका गल्लीतून स्कूटरवरून जाताना मी ब्रेक मारला. एका घराच्या गच्चीच्या कठड्यावर सुताच्या लडी वाळत होत्या. पिवळ्या, तांबूस, मातकट, आणि एक असा रंग की ज्याला आपण नाव देत नाही, संध्याकाळी भिंतीवर पडतो तसा. मी कितीतरी वेळ खाली उभी होते. माझं सगळं बालपण सुतात गेलं, पण ते सूत पांढरं होतं. दिवसच्या दिवस, खोल्याच्या खोल्या, पांढरं. रंग ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात, कापड आमच्याकडून गेल्यावर व्हायची. आम्ही ती कधी पाहिली नव्हती.

"या, वर या," गच्चीवरून एक बाई म्हणाल्या. "बघायचं तिकीट नाही लागत."

त्या शशीकाकू. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका, यजमान गेलेले, मुलगा परदेशी. महेश्वरला त्यांच्या बहिणीचं घर आहे. तिथं जाऊन जाऊन त्या विणायला शिकल्या आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एक छोटा हातमाग बसवून घेतला. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मी मागवाल्याची मुलगी आहे, मला सूत कळतं.

"अच्छा? मग तर तुला जास्त टाइम लागेल," काकू म्हणाल्या.

लागला. आमच्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा डोळ्यांना दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. काकूंच्या मागावर तो हातातून निघायचा, उभ्या धाग्यांच्या पोटातून हळूच पलीकडे जायचा, आणि मी त्याची वाट बघायची. मग फणी ओढायची. मग पाय बदलायचा. मग पुन्हा. मध्ये इतका वेळ असायचा की त्यात एखादी जुनी गोष्ट पूर्ण आठवून व्हायची. कित्येकदा मी एका ओळीत इंदुरात असायची आणि पुढच्या ओळीत आईच्या मांडीपाशी, कांड्यांच्या टोपलीत पाय घालून. काकू म्हणायच्या, "कुठे गेलीस? कापड तिरकं चाललंय."

आणि रंग. आठवडाभर मी आकड्यांत बुडलेली असायची आणि रविवारी पातेल्यांत. डाळिंबाच्या साली काकू कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून आणायच्या. "भिया, माझा हिस्सा अलग ठेवायचा हां," असं त्याला बजावून यायच्या. दसऱ्यानंतर सगळ्या कॉलनीतले झेंडूचे हार त्यांच्या दारात येऊन पडायचे. फाल्गुनात महूच्या पुढच्या रस्त्यावर पळस पेटला की आम्ही पिशव्या घेऊन फुलं वेचायला जायचो. इकडे त्याला टेसू म्हणतात. सूत आधी रिठ्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करायचं, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटी. मग कुठं ते रंग धरायला तयार होतं. पातेल्यात लडी सोडली की पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग एका कोपऱ्यातून रंग चढायला लागतो, आपण बघत असतो आणि तरी तो नेमका कधी चढला ते कळत नाही. वाफ तोंडावर येते, तिला पावसाळी लाकडासारखा वास असतो. मला त्या वाफेत बसून राहायला इतकं आवडायचं की काकू चेष्टा करायच्या, "रंग सुताला द्यायचा आहे, तुला नाही."

एकदा मी बघितलं की काकू मंजिष्ठेच्या मुळीच्या लाल रंगासाठी बोअरचं पाणी घेतात आणि पिवळ्यासाठी नळाचं, नर्मदेचं. मी विचारलं, असं का. त्या म्हणाल्या, "पाणी बदललं की रंग बदलतो. मजीठला जड पाणी लागतं, नर्मदेत ती फिकी पडते." मी एकाच मुळीच्या रंगात सूत दोन पाण्यांत करून पाहिलं. एक विटेसारखं लाल आलं, एक नुसतं गुलाबी. शेगडीवर हात शेकत मी आईचं बोलणं आठवत राहिले. ती पोटाबद्दल बोलत नव्हती, हे कळायला मला इतकी वर्षं आणि दोन पातेली लागली. मला एकाएकी खूप रडू आलं. काकूंनी कांद्याच्या सालींची पिशवी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "हे घे, कोणी विचारलं तर कांदा सांग."

आता ती चूक. तशी चूक फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते.

राखाडी रंग काढायचा होता. त्यासाठी हिरड्यात भिजवलेलं सूत कसीसच्या कोमट पाण्यात घालतात. कसीस म्हणजे आपला हिराकस, लोखंडाचा क्षार. सूत त्यात थोडाच वेळ ठेवायचं. जास्त राहिलं तर काळं पडतं, आणि काळं पडलं की आतून कुजल्यासारखं कच्चं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकूंना शेजारणीनं हाक मारली. जाताना त्या म्हणाल्या, "वैजू, थोड्या वेळानं पातेलं खाली करून टाक. मी आलेच."

मी थोड्या वेळानं पातेलं शेगडीवरून उचललं, फडक्यानं दोन्ही कान धरून, एक थेंब न सांडता, आणि खाली ठेवलं. फरशी खराब होऊ नये म्हणून बुडाखाली वर्तमानपत्रसुद्धा घातलं. मग स्टुलावर बसून पाण्यात काळोख कसा उतरतो ते बघत राहिले. फार सुंदर दिसत होतं ते.

काकू शेजारणीकडे जेवूनच आल्या. "अरे देवा, अजून खाली नाही केलं?"

"केलं ना. हे काय, खालीच आहे."

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे, एकदा वर्तमानपत्राकडे, आणि गच्चीच्या कठड्याला धरून हसायला लागल्या. "अगं, खाली म्हणजे खाली! पाणी फेकून द्यायचं!"

"मग रिकामं कर म्हणायचं ना, काकू."

"पातेलं कुठे रिकामं असतं? रिकामे तर आमचे हे होते, रिटायर झाल्यावर."

सूत मात्र काळंभोर झालं होतं. काळं म्हणजे तवा नव्हे, पावसाळ्यात भिजलेल्या दगडासारखं. मला ते टाकवेना. काकूंनी एक धागा बोटांनी ओढून पाहिला, तो सहज तुटला. "कमजोर आहे," त्या म्हणाल्या. "आडवं घातलं तर चालेल. उभं लावलंस तर रोज रडशील." उभे धागे म्हणजे ताणा, त्यांनाच सगळा ओढा सोसावा लागतो. पण मला काळे उभे पट्टे हवे होते, पिवळ्यात. अंगात मागवाल्याचा हट्ट होता. काकूंनी हात जोडले आणि आम्ही दोघींनी ताणा लावला. पहिल्या वीतभर कापडातच मी धागे जोडून जोडून थकले. माझी गाठ मोठी यायची, फणीत अडकायची, दुसरा धागा घेऊन तुटायची.

दिवाळीनंतर अण्णा आले. शेवटी आले. मकरंद पुण्यापर्यंत जाऊन त्यांना घेऊन आला. "चार दिवस बघून जातो," असं सांगून, परतीचं तिकीट आधीच काढून आले होते. पिशवीत दोन सदरे, एक धोतर, एक टॉवेल. त्या पिशवीकडे बघूनच मला कळलं. इतक्या कमी सामानात माणूस राहायला येत नाही.

सासूबाईंनी त्यांचं खूप केलं. "अण्णाजी, अजून एक जलेबी घ्या ना." अण्णा ओठ वाचून मला खुणेनं विचारायचे, हा अण्णाजी कोण? पोह्यांवरची शेव ते बाजूला काढून ठेवायचे आणि मग पोहे संपले की ती शेव वेगळी खायचे. बाकी दिवसभर ते गेटपाशी उभे राहायचे. त्यांना ऐकू येत नाही, तरी ते मला म्हणाले, "इथं लई शांत हाय गं." मला ते बरोबर कळलं. आवाज कानांनीच कळतो असं थोडंच आहे. आमच्या घरी जमीन थरथरायची, भिंतीला पाठ टेकली की पाठीत माग चालायचे. राजेंद्र नगरची जमीन अगदी स्थिर आहे.

त्यांना कुठं न्यावं हे सुचेना, म्हणून एका रविवारी काकूंकडे घेऊन गेले. त्यांनी हातमागाला एक प्रदक्षिणा घातली, लाकूड ठोकून पाहिलं.

"दिवसाला किती निघतंय?"

काकूंनी बोटं ताणून एक वीत दाखवली आणि मग थोडी कमी केली.

अण्णा माझ्याकडे वळले. "ह्येला धंदा म्हणत्यात?"

"मी कधी बोलले धंदा म्हणून?" काकू म्हणाल्या. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. बरं झालं.

मी विणायला बसले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला काळा धागा तुटला. मी कपाळाला हात लावायच्या आत माझ्या खांद्यावरून अण्णांचा हात पुढे आला. दोन्ही टोकं चिमटीत, बोट जिभेला लावलं, एक वळसा, आणि गाठ झाली. ती गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. मी वर बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते. हातांनी त्यांना विचारलंच नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा तुटला, पुन्हा हात आला. मग त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर ते चपला घालून तयार. मी त्यांना सुदामा नगरला सोडून पुढे गेले. माझ्या जागी काकू विणायच्या, त्यांची बोटं सांध्यांना सुजलेली, गाठ बारीक येत नाही. अण्णा जोडायचे. संध्याकाळी आणायला गेले तर दोघं गप्प बसलेले आणि अगदी मजेत. काकूंनी खुणा उचलल्या होत्या. कात्री दाखवली की तुटला, बोट फिरवलं की कांडी, मूठ तोंडाशी नेली की चहा. शाळेत पोरांना आवाज चढवून चढवून काकूंचा घसा आधीच बसलेला, त्यांना हे फार सोयीचं पडलं. "तुझे वडील फार चांगले ऐकतात," त्या मला म्हणाल्या.

परतीच्या गाडीचा दिवस आला. मी आदल्या दिवशी जेवताना त्यांच्यासमोर बसले आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "अण्णा, उद्याची गाडी आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुटतंय तोवर थांबतो," ते म्हणाले.

मकरंदनं गुपचूप तिकीट रद्द केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगीचच भांडी धुतली.

ते दिवस मला आता पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. थंडीतलं मऊ ऊन पत्र्याच्या खोलीत तिरकं यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे, अण्णांच्या केसांत बसायचे. सुट्टीच्या दिवशी मी विणायची आणि ते शेजारी. एक धागा तुटला की माझ्या मनात आनंद व्हायचा. विणणाऱ्या बाईला धागा तुटल्याचा आनंद! आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, सुतावरून स्वर्ग गाठायची सवय हिची जायची नाही. खरंच होतं. प्रत्येक तुटण्यावर मी एक एक दिवस बांधत होते. पण ताणा संपत येतो. मागच्या लाकडावर गुंडाळलेले धागे पातळ व्हायला लागले, खालचं लाकूड दिसू लागलं, आणि मला धडकी भरली.

मी काकूंना म्हटलं, "पुढच्या ताण्यासाठी पुन्हा काळं करू या."

"करू की. आता तुला माहीत आहे, लवकर काढायचं."

"नाही. तेवढाच वेळ ठेवायचं. मागच्याइतकाच."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना मुलगा आहे, तो लांब आहे. "वैजू, तू पूरी पागल आहेस," त्या म्हणाल्या. "चल."

या वेळी ते पातेलं मी ना मराठीतलं खाली ठेवलं, ना हिंदीतलं खाली केलं. तसंच राहू दिलं.

लडी वाळल्या, त्या दिवशी अण्णा आमच्याबरोबर होते. पहिलं कापड मागावरून उतरलं होतं. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला होता आणि "बरं हाय" म्हणाले होते. आमच्याकडे 'बरं हाय' म्हणजे पुढे काही बोलायची गरज नाही. मग ते उठून कठड्याशी गेले. नव्या काळ्या लडीतून एक धागा त्यांनी ओढला, दोन बोटांभोवती गुंडाळला आणि खेचला. तो तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला. मग माझ्याकडे वळून त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि तीच बोटं माझ्यावर रोखली.

"मुद्दाम?"

मला खोटं बोलता येईना. मी मान हलवली. काकू आत निघून गेल्या.

"जन्मभर मी पक्कं सूत मागत आलो," अण्णा म्हणाले, "आणि माझी लेक कच्चं करून ठेवत्या." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, शेजारच्या गच्चीवरचे लोक बघायला लागले. त्यांना आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते हळू बोलूच शकत नाहीत. "टाकून दे ह्ये. नीट रंगव. मी काय कुठं पळून चाललोय?"

मी तिथंच खाली बसले, ओल्या फरशीवर. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी आत डोकावून काकूंना मूठ तोंडाजवळ नेऊन दाखवली.

ती लडी आम्ही टाकली. पुढचं सूत नीट रंगवलं, पक्कं. आता क्वचितच तुटतं. अण्णा आता कांड्या भरतात. हे काम आमच्या घरात बायकांचं होतं, आईचं. पहिल्या दिवशी चरख्यापुढे बसताना ते जरा थबकले, इकडे तिकडे बघितलं, आणि बसले. त्यांच्या कांड्या आईसारख्या एकसारख्या होत नाहीत, मधे पोट सुटतं. मी त्यांना तसं सांगत नाही.

तुमच्यातले जे परगावी आहेत, ते मला विचारतात की आता इचलकरंजीला येतेस की नाही. येते. शेडमध्ये खुर्च्या आहेत, खोल्यांना कुलूप आहे, वर्षातून एकदा उघडून झाडून येते. निघताना इथं म्हणते, "घरी जाऊन येते," आणि तिथून निघताना पण तेच म्हणते. मकरंद चिडवतो, "कुठल्या घरी, ते नक्की कर एकदा." नक्की होत नाही आणि मी आता नक्की करायच्या मागे लागत नाही. पूर्वी मला वाटायचं की घर म्हणजे जिथून आपण निघालो ती जागा, आणि आपण तिच्यापासून दर वर्षी थोडे थोडे फिके पडत जातो. आता वाटतं, आपणही त्या मंजिष्ठेसारखेच आहोत. मुळी तीच, पाणी दुसरं. विटेसारखं लाल यायचं तिथं गुलाबी आलं, एवढंच. त्याचं दुःख आहे. नाही असं नाही.

परवा हिरडा आणि तुरटी संपली म्हणून अण्णांना घेऊन सियागंजच्या बाजारात गेले. हमाल, हातगाड्या, मिरचीचा ठसका, आणि पाठीवर पोती घेऊन पळणाऱ्या माणसांची आरडाओरड. अण्णांना ती गल्ली फार आवडते. जमीन हलते ना तिथं, ट्रकांनी. दुकानदार तुरटी तोलता तोलता त्यांच्या धोतर-टोपीकडे बघत होता.

"दादा, कहाँ के हो आप?" त्यानं विचारलं.

अण्णांना हिंदी येत नाही. ते ओठ वाचतात, पण मराठी ओठ. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इचलकरंजीचे, महाराष्ट्रातले, माझे वडील, असं सगळं मी दर वेळी सांगते, सवयीनं.

माझ्या आधीच अण्णा बोलले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"राजेंद्र नगर."

"अरे, तो अपने ही हो," दुकानदार म्हणाला आणि त्यानं तुरटीचा आणखी एक खडा पिशवीत टाकला.

मी तोंड मिटलं आणि पिशवी उचलली.